बोटभर कापलेला मूज

एकदा सकाळी दुकान उघडल्या उघडल्या एका धिप्पाड माणसाने काउंटरवर गोळ्यांची बाटली आणून ठेवली. लेबल आमच्याच दुकानाचं : दिवसातून दोनदा, जेवणानंतर. आत गोळ्या नव्हत्या, लेंड्या होत्या. चांगल्या सुपारीएवढ्या. "मूजच्या आहेत का सांग," तो म्हणाला. मी पुण्यात बी. फार्म. केलं, ऑकलंडला पेनरोजच्या औषधांच्या गोदामात खोकी हलवता हलवता इथल्या परीक्षा दिल्या, पण लेंड्यांवर कुठल्याही अभ्यासक्रमात एक ओळ नव्हती. मी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि म्हटलं, "एवढंच सांगू शकते, की या तोंडावाटे घ्यायच्या नाहीत."

तो हसला नाही. मूज म्हटलं की आमच्या गावात काही जण अजिबात हसत नसत आणि बाकीचे नुसते हसतच असत. मधलं काही नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, फिओर्डलँडच्या जंगलाच्या तोंडाशी, एका तळ्याकाठी ते वसलं आहे आणि तिथे केमिस्ट एकच. नाव लिहिलं तर पुढची सगळी माणसं ओळखू येतील. मी तिथे तेवीस वर्षं फार्मसिस्ट होते. आता निवृत्त होऊन क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये लेकीच्या शेजारी राहते. चालत जाऊन कढीपत्ता आणता येतो, हे या गावाचं मोठेपण. पण कुणी विचारलं की नोकरीत काय केलंस, तर मला कढीपत्ता न मिळणारं ते तळ्याकाठचं गावच आठवतं.

आधी मूज म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. हरणांच्या कुळातला हा सगळ्यात थोराड गडी. खांद्यापाशी माणसाहून उंच, तिथे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, लोंबतं नाक, नराला परातीसारखी पसरट शिंगं, आणि गळ्याखाली कातड्याचा एक लोंबता पट्टा. त्याला तिकडे घंटा म्हणतात. साध्या हरणाला ती नसते. म्हणजे घंटा दिसली की मूज, वाद संपला. मूळचा हा कॅनडाचा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साहेब लोकांना शिकारीची हौस आली, म्हणून दहा मूज जहाजातून आणून आमच्या पश्चिमेच्या जंगलात सोडले. काही वर्षं ते तगले, थोडे वाढलेही. पण आधीच आणलेली तांबडी हरणं तिथे बेसुमार वाढली आणि मूजच्या तोंडचा पाला त्यांनी ओरबाडून नेला. मूज कमी कमी होत गेले. शेवटचा खात्रीचा फोटो सत्तरेक वर्षांपूर्वीचा. मध्येच कुणाला केस सापडतात, तपासणीत ते मूजचे निघाल्याचं पेपरात येतं, आणि मग पुन्हा सामसूम.

आणि ते कमी झाले म्हणून सरकारदरबारी कुणी डोळ्याला पदर लावत नाही. इथे बाहेरून आलेलं चार पायांचं जनावर म्हणजे रानाला उपद्रव. माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायची वेळ आली की दात दुखतात, ती म्हणाली होती, "आई, इट्स अ पेस्ट. अँड इट्स डेड." विषय संपला.

गावाला मात्र तो हवा होता. गावातली लाकडाची गिरणी कधीच बंद पडली होती, शाळेचे वर्ग कमी होत होते, तरणी पोरं ऑस्ट्रेलियाला जात होती. पण आपल्या मागच्या रानात अजून एखादा मूज असेल, ही एक गोष्ट राहिली होती आणि ती दुसऱ्या कुठल्याच गावाकडे नव्हती. दुकानात माझ्याबरोबर काम करणारी अरोहा, माओरी बाई, माझ्याच वयाची, तिच्या आजोबांनी म्हणे एक पाहिला होता, नदीत गळाभर पाण्यात उभा. ती गोष्ट त्यांच्या घरात दागिन्यासारखी जपलेली. मी एकदा चुकून "पाहिला असेल, किंवा ओंडका असेल" म्हणाले, तर दोन दिवस बाई माझ्याशी फक्त औषधांपुरतं बोलत होती.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर मला सुचवलं, "परदेशातून आणलेला, परक्या रानात तगून राहिलेला मूज, तुम्हाला त्यात स्वतःचंच रूप दिसलं असेल ना?" नाही हो. मला त्यात डगचे सुजलेले घोटे दिसतात.

डग माझं गिऱ्हाईक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, वाळलेला, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरणारा. वडीलधाऱ्या माणसाला नुसतं डग म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पहिलं वर्षभर मी त्याला आडनावाने मिस्टर म्हणत होते. शेवटी तो म्हणाला, "शूब, असं म्हणालीस की मला वाटतं कोर्टात उभा आहे." माझं नाव शुभदा. ते त्या गावाला कधीच पेललं नाही.

डग चाळीस वर्षं मूज शोधत होता. बंदूक केव्हाच सोडली होती, आता मारायचा नव्हता, फक्त आहे हे दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने रानात कॅमेरे बांधले होते. हे कॅमेरे झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने आवळतात. समोर अंगात ऊब असलेलं काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. महिना-दोन महिन्यांनी जायचं, आतलं बोटाच्या पेराएवढं कार्ड काढायचं, दुसरं घालायचं. डगच्या घरी कम्प्युटर नव्हता आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. म्हणून ते कार्ड यायचं माझ्याकडे.

तुम्ही म्हणाल, औषधवालीचा आणि फोटोचा काय संबंध? तर न्यूझीलंडमध्ये फोटो केमिस्टकडे छापतात. रोल धुवायला देण्याच्या काळापासूनची ती पद्धत. आमच्या कोपऱ्यातही एक यंत्र होतं, आणि त्यामुळे गावातलं अर्धं मला प्रिस्क्रिप्शनवरून कळायचं आणि उरलेलं फोटोंवरून. शिकारी लोक कार्डं आणायचे. मूज म्हणून मी काय काय छापलंय! गाय, ओल्या झाडाचं खोड, रानात एकांत आहे असं समजून आडोशाला बसलेला एक पर्यटक. तो फोटो मी लिफाफ्यात उलटा घातला होता.

डगची सूचना कायमची एकच होती : "चार पायांचं दिसेल ते छाप, बाकी पुसून टाक." मी कार्ड यंत्रात घालायचे, छोटी छोटी चित्रं झरझर पुढे सरकवायचे, चार पाय दिसले की बटण. मग कार्ड कोरं करून परत. आणि यंत्रातली प्रत दुकान बंद होताना आपोआप पुसली जायची, गिऱ्हाइकाच्या खासगीपणासाठी.

आता माझा एक दुर्गुण सांगते. मला अर्धवट, वेडंवाकडं काही बघवत नाही. शाळेत समास आखल्याशिवाय मी वहीत अक्षर काढलं नाही. या रानातल्या फोटोंच्या खाली एक काळी पट्टी यायची, तिच्यावर तारीख, वेळ, तापमान. आमच्या कागदाचा आकार कॅमेऱ्याच्या चित्राशी जुळत नसे, त्यामुळे ती पट्टी बरोब्बर मधोमध कापली जायची. अर्धे आकडे. बघून माझे दात शिवशिवायचे. म्हणून मी एक दिवस यंत्रात कायमची सोय करून ठेवली : चित्र जरा मोठं करून छापायचं, की पट्टी अख्खीच कागदाबाहेर. किती स्वच्छ फोटो यायला लागले म्हणून सांगू! डगला विचारलं, तारीख-वेळ हवी का? तो म्हणाला, "मूज आला हे महत्त्वाचं. कुठल्या वारी आला ते नाही. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत झकास. मी खूश. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला मला पुढचा गणपती उजाडावा लागला.

दरम्यान डगचं हृदय थकलं होतं. पाणी साचून घोटे सुजायचे, चार पायऱ्या चढला की धाप. पाणी काढायच्या गोळ्या त्याला होत्या, पण रानात जायचा तेव्हा तो त्या चुकवायचा, कारण दर तासाला झाडामागे कोण जाणार? मी त्याच्या आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या पाकिटात बसवून द्यायचे, त्यामुळे परत आला की रिकामे कप्पे मोजायचे आणि चोरी पकडायचे. डॉक्टरांनी रान बंद सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याची बायको जॉईस गावच्या शाळेत जन्मभर शिक्षिका होती. तिला मूज या शब्दाचाच तिटकारा. चाळीस वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या त्या जनावराने खाल्ल्या होत्या. तिने डगकडून एक वचन घेतलं होतं : ज्या दिवशी एक पक्का फोटो मिळेल, घंटा दिसेल असा, त्या दिवसापासून रान बंद. डगने शब्द दिला होता, आणि डगचा शब्द म्हणजे शब्द.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तो कार्ड घेऊन आला. थंडीचे दिवस, गावभर सर्दी-ताप, दुकानात पाच जणांची रांग. एका आईच्या कडेवर तापलेलं बाळ, क्लिनिकमधून फोन वाजतोय, अरोहा सुट्टीवर. मी एका कानाला फोन लावून डगचे फोटो सरकवले. चार पाय, बटण. चार पाय, बटण. तीसेक फोटो छापले, कार्ड कोरं केलं, लिफाफा त्याच्या हातात दिला आणि बाळाकडे वळले.

डगने लिफाफा तिथेच उघडला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की रांगेतली माणसं डगकडे बघताहेत. डग एक फोटो खिडकीशी धरून उभा होता.

ओढ्याकाठी एक जनावर उभं होतं. पाय इतके लांब की नेच्याची झुडपं त्याच्या गुडघ्याला लागत होती. रंग जवळजवळ काळा. खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा. मान वर उचललेली, आणि मान सुरू होते न होते तोच फोटो संपत होता. डोकं नाही, गळा नाही, घंटा नाही.

रांगेतले सगळे तो फोटो बघायला पुढे सरसावले. तापलेल्या बाळाची आईसुद्धा. डग मात्र एकच वाक्य परत परत बोलत होता. "खाली बांधला मी. कॅमेरा फार खाली बांधला."

दुसऱ्या दिवशी जॉईस आली. एरवी ताठ मानेची बाई, त्या दिवशी काउंटरला धरून उभी होती. "तो परत जायचं म्हणतोय. कॅमेरा दोन हात वर बांधायला. शूब, त्याला सांग की हा मूजच आहे. तुझं तो ऐकतो."

"जॉईस, फोटोत डोकंच नाही. मी कशी सांगू?"

"तुझ्या डोळ्यांना काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? लेबलवर नाही ते मी कुणाला सांगत नाही."

तेव्हा या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. तिने त्याच्या दहा दिवसांच्या गोळ्यांची पाकिटं उचलली आणि गेली. सप्टेंबर लागला आणि डगही रानात गेला, क्रेफिश म्हणजे शेवंडी पकडणाऱ्या एका मित्राच्या बोटीतून, डस्की साऊंड नावाच्या खाडीच्या बाजूला. मित्र त्याला तिथल्या शिकाऱ्यांच्या झोपडीपाशी सोडणार आणि दहा दिवसांनी आणणार. तिथे ना फोन, ना माणूस.

त्याच आठवड्यात आमचा गणपती होता. मूर्ती मीच करते, शाडूची माती तेव्हा क्राइस्टचर्चहून यायची. आरतीनंतर सगळ्यांचा मिळून एक आडवा फोटो काढला, मध्ये बाप्पा, बाजूला आम्ही. माझ्या सांगलीच्या आत्याला फोनवरचे फोटो चालत नाहीत, हातात धरायला कागद लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात तो छापला. अरोहाने यंत्रातून काढून बघितला आणि म्हणाली, "शूब, हिज हॅट इज गॉन."

बाप्पाचा मुकुट नव्हता. कपाळावरच कागद संपला होता.

मी आधी चिडले, यंत्रावर. मग फोनवरचा फोटो आणि कागदावरचा शेजारी ठेवले. खालचा नैवेद्याचा पाटही गेला होता. खालून जेवढं गेलं होतं तेवढंच वरून. आणि मग मला ती काळी पट्टी आठवली. पट्टी घालवायला मी चित्र मोठं केलं होतं. यंत्राला काय माहीत मला फक्त खालचं नको होतं? ते इमानदारीत दोन्हीकडून कापत होतं. मी मोजपट्टी घेतली. वरून बोटभर.

डगचा कॅमेरा खाली बांधलेलाच नव्हता. त्या बोटभर पट्टीत गळा होता, जबडा होता, घंटा असली तर घंटा होती. कार्ड मी कोरं केलं होतं आणि तेच कार्ड घेऊन डग रानात गेला होता. यंत्राने आपली प्रत त्याच संध्याकाळी पुसली होती. अख्खं चित्र जगात एकाच माणसाच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि त्या माणसाच्या कानाला तेव्हा फोन होता.

मी तशीच ॲप्रन घालून जॉईसच्या घरी गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने किटली लावली, दोन कप काढले, मग एक परत आत ठेवला.

"म्हणजे तो उगाचच गेलाय," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्यामुळे."

"हो, जॉईस. माझ्यामुळे."

तिने बोटवाल्या मित्राच्या घरी फोन केला. त्यांनी वायरलेसवर निरोप दिला, पण समुद्र खवळलेला होता, चार दिवस बोट आत जाऊ शकत नव्हती. ते चार दिवस मी दुकानात काम केलं. प्रत्येक प्रिस्क्रिप्शन तीनदा वाचायची माझी सवय होती, मी पाचदा वाचायला लागले. लोकांना वाटलं आता बाईंचं वय झालं.

बोटीने त्याला आणलं तेव्हा ओठ निळे होते, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. तिथून थेट इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलमध्ये. मी दोन दिवस थांबले, मग गाडी काढून दोन तासांवर गेले. डग उशांना टेकून बसला होता, नाकाला ऑक्सिजनची नळी. जॉईस त्याच्या उशाशी, जरा मागे. मला बघून तो खुलला. "बांधला वर! दोन हात. आता येऊ दे."

मी खुर्चीही ओढली नाही. गणपतीचा फोटो आणि त्याचा फोटो त्याच्या मांडीवर ठेवला आणि सांगून टाकलं. तो ऐकत होता. मध्येच त्याने गणपतीच्या कपाळावरून बोट फिरवलं. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे पुसायच्या आधी तू अख्खा पाहिलास."

"माझ्यासमोर होता."

"मग काय होतं वर?"

जॉईस त्याच्या मागून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली. एकदाच, खाली. हो म्हण. म्हण घंटा होती. खरं सांगते, शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं? माझंही ओझं उतरलं असतं. आयुष्यभर मी लोकांना कडू औषधं गोड सिरपमधून दिली आहेत.

"डग, मी बघितलंच नाही," मी म्हटलं. "चार पाय मोजले आणि बटण दाबलं."

जॉईसने डोळे मिटले. चहाची गाडी आली, बाईने विचारलं दूध किती, आणि तशीच पुढे गेली. आणि मग डग हसायला लागला. आधी खांदे हलले, मग खोकला, मग नळी नाकातून निसटली. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी रान तुडवतोय. आणि तो केमिस्टकडे जाऊन आला. रांगेत उभासुद्धा न राहता!"

मी त्याला आमच्याकडची म्हण सांगितली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती इंग्रजीत समजवायला पाच मिनिटं लागली, पण त्याला फार आवडली. मग जरा दम घेऊन म्हणाला, "हो म्हणाली असतीस तर मला बरं वाटलं असतं. एक दिवस."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, घंटा केवढी होती? वाऱ्यावर कुठल्या बाजूला गेली होती? आणि तुला खोटं किती वाईट बोलता येतं ते 'या गोळ्यांनी फारसं जावं लागत नाही' म्हणालीस तेव्हाच मी पाहिलंय."

तो पुन्हा रानात गेला नाही. शहाणपण सुचलं म्हणून नाही, ताकदच उरली नव्हती. आणि जी होती ती तो माझ्या नीटनेटकेपणापायी त्या ओढ्यात खर्च करून आला होता. डॉक्टर मला म्हणाले, तसंही हृदय थकतच चाललं होतं, एका खेपेने फार फरक पडला नसेल. मी फार्मसिस्ट आहे. असली वाक्यं कशासाठी देतात आणि दिवसातून किती वेळा, ते मला कळतं.

डगने मात्र ती गोष्ट गावभर केली. 'शेवटचा मूज केमिस्टकडे दिसला.' कुणीतरी पुठ्ठ्याची शिंगं करून आमच्या यंत्राला चिकटवली. अरोहाने ती काढू दिली नाहीत. लोक यायचे, खोकल्याचं औषध घ्यायचे आणि शिंगांकडे बघून विचारायचे, आज आला होता का? मी म्हणायचे, आत्ताच गेला. मूज न मानणारेही आता या गोष्टीपुरते मूज मानायला लागले. यंत्राची सेटिंग मी बदलली होती. आता प्रत्येक फोटो अख्खा, कडेने पांढरी चौकट, खाली ती काळी पट्टी, सगळे आकडे पूर्ण.

पुढच्या हिवाळ्यात डग घरीच गेला, दुपारी, खुर्चीत. त्याच्या गोळ्यांचं शेवटचं पाकीट जॉईसने परत आणून दिलं. एकही कप्पा चुकलेला नव्हता.

त्यानंतरच्या वसंतात माझे दुकानातले शेवटचे काही आठवडे चालले होते. बोटवाला मित्र त्या बाजूला गेला होता, वर चढून त्याने डगचा तो कॅमेरा सोडवून आणला. जॉईस कार्ड घेऊन आली, रविवारी, दुकान बंद असताना. रक्तदाब तपासतो त्या खुर्चीत बसली. "सगळे बघ," म्हणाली. "एकेक."

मी एकेक बघितले. कडेपासून कडेपर्यंत, फोन बाजूला ठेवून. पहिल्यात डगचा अंगठा. दुसऱ्यात पाठमोरा डग, ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, काठीवर वाकलेला. तिसऱ्यातही तिथेच. चौथ्यातही. कॅमेरा हललेलं टिपतो, आणि डग हलत होता तो श्वासापुरता. असे कितीतरी फोटो. खालच्या काळ्या पट्टीवर वेळा होत्या. मी पहिली वाचली, शेवटची वाचली. चार पावलांचा तो ओढा ओलांडायला त्याला वीस मिनिटं लागली होती.

जॉईस उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनेही वेळा वाचल्या असणार. मी पुढे सरकवत राहिले. पाऊस. नेचे. एक तांबडी हरिणी, तिचं पाडस. पुन्हा पाऊस. वर्षभराचं रान सरलं तेव्हा दुपार झाली होती.

"आला होता का?" तिने विचारलं.

"नाही, जॉईस. नाही आला."

"बरं झालं," ती म्हणाली. "तो नसताना आला असता तर त्या जनावराला मी कधी माफ केलं नसतं."

मी कार्ड काढायला हात पुढे केला. तिने तो धरला.

"तो ओढ्यातला छाप," म्हणाली. "शेवटचा. खालच्या पट्टीसकट."

मी छापला. काहीही न कापता.